गोलकीपरचं साक्षगंध

आमच्या हॉकी क्लबात कप कमी आणि किस्से जास्त जमले. कपाटात तीन कप आहेत, त्यातला एक कॅरमचा. किस्से ठेवायला मात्र कपाट नाही, म्हणून चार माणसं भेटली की मी सांगत सुटते. आज फक्त सुगंधा आणि मंगेशचे सांगते.

सुगंधा आमची सेंटर फॉरवर्ड, भंडाऱ्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन. मंगेश पोरांच्या टीमचा गोलकीपर, वरठीच्या कारखान्यात फिटर. मी लेफ्ट बॅक, लाखनीला शाळेत शिकवते. रविवारी पोरं-पोरी मिळूनच खेळतो, कारण वेगवेगळे अकरा कधी भरतच नाहीत.

* * *

दोन-अडीच महिन्यांनी नागपूरला स्पर्धा होती, पाच दिवस मुक्काम. एका रविवारी आसगावहून सुगंधाच्या बाबूजींचा मैदानावरच फोन आला. स्पर्धा राहू दे, त्याच आठवड्यात पाहुणे तुले पाहायला येऊन राहिले. सुगंधा म्हणाली, माझं जमलं आहे. कोणाशी, असं बाबूजींनी विचारलं. तिनं मैदानाकडे एक नजर टाकली आणि मंगेशचं नाव सांगून मोकळी झाली.

हाफटाइमला तिनं मंगेशला ही बातमी दिली. त्यानं फक्त कधीपर्यंत, एवढंच विचारलं. स्पर्धा होईपर्यंत, मग मोडून टाकू, असं ठरलं.

मंगेशच काहून, मी तिला विचारलं.

"बाकी सगळ्यायची माह्याकडं पाठ होती," ती म्हणाली.

* * *

पुढच्याच रविवारी बाबूजी पोरगा पाहायला थेट मैदानावर आले. मंगेश पॅड, हेल्मेट सगळं चढवून तसाच पाया पडायला वाकला आणि पॅडमुळे अर्ध्यातच अडकला. आम्ही दोघींनी धरून त्याला सरळ केला.

नोकरी, घरदार विचारून झालं. मग बाबूजींनी विचारलं, खेळात तुझं काम काय? मंगेश म्हणाला, समोरून येईल ते अडवायचं. आणि नाही अडलं तर? तर सगळे मलाच बोलतात, दहा जणांची चूक असली तरी.

बाबूजी समाधानानं माझ्याकडे वळले. "पोराले सवय हाय. लग्नाले चालते."

महिनाभरात आसगावला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकलंसुद्धा. फोटोत दोघं असे उभे आहेत, जणू समोरून पेनल्टी कॉर्नर येणार आहे.

* * *

दोन आठवडे झाले नसतील, मंगेशची बहीण रंजनाताई नऊ महिन्यांची पिहू घेऊन दारात उभी राहिली. तिची पोलीस भरतीत निवड झाली होती आणि ट्रेनिंगला लगेच हजर व्हायचं होतं. नवरा ट्रकवर परराज्यात, सासू अंथरुणाला, आईबाप नाहीत. ही नोकरी सोडली तर दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. मंगेशनं पोरीला घेतलं आणि बहिणीला बसमध्ये बसवून दिलं.

दिवसा घरमालकीण पिहूला बघायची, ड्यूटी सुटली की मंगेश. शनिवारी लॅब अर्धा दिवस, म्हणून शनिवार सुगंधाकडे.

पहिल्या शनिवारी सुगंधाला पिहूचा डायपर सुटेना. मी गेले, मलाही सुटेना. मंगेशनं त्यावरून पॅडचा पट्टा आवळला होता. फोन करून विचारलं, तर म्हणाला, "माह्याकडून काही सुटत नाही."

* * *

सुगंधा पिहूला कडेवर घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात मंगेशसोबत भाजी घेत होती. आसगावच्या कोणीतरी पाहिलं. ती घरी पोचायच्या आत मावशीचा फोन.

मावशी चिडली नव्हती, गोंधळली होती. साक्षगंधाला महिना नाही झाला, पोरगी मात्र बसायला लागली आहे, हे कसं, असं तिचं म्हणणं. सुगंधानं रंजनाताईपासून सगळं समजावून सांगितलं. मावशीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, बरं बाई, पण नाक तर तुझ्यावरच गेलं आहे.

* * *

नागपूरला मंगेश आमचा मॅनेजर म्हणून आला, पिहूसकट. सेमीफायनल बरोबरीत, शेवटची मिनिटं, आणि आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. सुगंधा कधी चुकत नाही. तिनं बॉल ठेवला, मैदान गप्प झालं, आणि बाहेरून पिहू पहिल्यांदाच स्वच्छ बोलली, "आई."

बॉल पोस्टच्या हातभर बाहेरून गेला. पुढच्या मिनिटाला त्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो. ज्या स्पर्धेसाठी हे सगळं केलं, ती तिथं संपली.

आमचे कोच सर तावातावानं आले. लक्ष कुठं होतं, म्हणाले. सुगंधानं सांगितलं. सरांनी टोपी काढली, परत घातली आणि पिहूसाठी बिस्किटं आणायला निघून गेले.

* * *

स्पर्धा झाली, आता ठरल्याप्रमाणे मोडायचं होतं. बाबूजींसमोर जोरात भांडायचं आणि अंगठी परत द्यायची. साक्षीदार म्हणून मला आसगावला नेलं. पिहू माझ्या मांडीवर.

मंगेशनं सुरुवात बरी केली. आमचं पटत नाही, म्हणाला. सुगंधानं अंगठी काढून त्याच्या हातात दिली. बाबूजी बशीत चहा ओतत राहिले.

मग मंगेश सहज म्हणाला, उद्यापासून शनिवारीही पिहूला घरमालकीण बघेल.

"शनिवार माहा हाय," सुगंधा म्हणाली.

तो म्हणाला, आता कशाला. ती म्हणाली, तुला तिचा भात कालवता येत नाही. तो म्हणाला, तू तिला टोपडं घालत नाहीस. लस कोणी टोचून आणली, दात पहिल्यांदा कोणी पाहिला, असं करत अर्धा तास गेला. दोघांचेही डोळे भरून आले होते.

बाबूजींनी बशी खाली ठेवली आणि मला हळूच विचारलं, "मास्तरीणबाई, हे मोडून राहिले का करून राहिले?"