गावापुरता राजा

अमेरिकेत नेपरव्हिल गावात राहणाऱ्या त्या काकांना मी इतकी घाबरायचे, की दारावरची बेल दाबतानाच तळव्यांना घाम फुटायचा. बाबांचे ते शाळासोबती. आसपास नवा मराठी विद्यार्थी आला की पहिलं जेवण त्यांच्याकडे, आणि मग शेवटचा शब्दही त्यांचाच. मी आणि माझा मित्र एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. लग्न करायचं पक्कं होतं, पण जात वेगळी आणि बाबा म्हणजे जमदग्नी. पहिल्याच भेटीत काकांनी विचारलं, "हा कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लांबचा मावसभाऊ."

झालं! भाऊबीजेला दोघांना बोलावणं आलं. काकूंनी पाट मांडला, ताट माझ्या हातात दिलं. "घरापासून लांब आहात गं पोरांनो. ओवाळ त्याला," म्हणाल्या आणि निरांजनासाठी वात आणायला आत गेल्या. तो पाटावर बसलेला, चेहरा पांढराफटक. ज्याच्याशी लग्न करायचं त्याला ओवाळू? आणि नाही म्हटलं तर बाबांना फोन गेलाच म्हणून समजा. 

"पीएचडी कशात म्हणालीस?" काकांनी सहज विचारलं.

"प्राचीन सेमिटिक राजे, काका, पश्चिम आशियातले. राजा म्हणजे गावापुरताच. पण तटाच्या आत न्याय त्याचा. मेंढरं घेऊन फिरणारे उपरे लोक त्याच्याच मेहेरबानीवर जगायचे." भीतीनं सुटलेली जीभ थांबेना. "हिब्रूंचा, म्हणजे ज्यू लोकांचा, एक पूर्वज दुष्काळात अशाच राजाकडे राहिला. बायकोपायी आपल्याला मारतील म्हणून तिला बहीण म्हणाला."

बोलले आणि मग उमगलं, काय बोलून बसले ते. मेले मी!

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटावरच्याकडे. "राजाला कळलं?"

"हो. दोघं लाडात असताना खिडकीतून दिसले त्याला."

"मग?"

"भडकला. पण दोघांना कुणी हात लावायचा नाही, असं फर्मान काढलं."

काकू वात घेऊन आल्या. काका उठले. "ऊठ रे," त्याला म्हणाले आणि स्वतःच पाटावर बसले. "मला इथं बहीण नाही. आज ही मलाच ओवाळेल."

ओवाळताना निरांजनातलं तूप ताटात सांडलं. ओवाळून झालं तेव्हा काकांनी ओवाळणी म्हणून ताटात कॉर्डलेस फोन ठेवला.

"लाव बाबांना. बोलायचं तू, मी शेजारी बसतो."

नंबर दाबताना मी काकांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. रिंग वाजली, आणि बाबांचा खणखणीत आवाज आला, "कोण?"