रुखवतातलं वृंदावन

परवा एका लग्नात रुखवताभोवती बायकांची गर्दी होती. मधोमध मोत्यांचं तुळशीवृंदावन, आणि पुढ्यात सुबक अक्षरांतली पाटी: ‘वधूने स्वहस्ते केलेले’. माझ्या डोक्यात सणक गेली. ते वृंदावन मीच ऑनलाइन विकलं होतं. गिऱ्हाइकानं भाव पाडला तर मला राग येत नाही, मीही कुणाला सोडत नाही. पण धंदा मी शून्यातून उभा करायचा आणि नाव दुसरीनं लावायचं?

“आमच्या पोरीच्या बोटांत जादू आहे हो!” नवरीची मावशी सगळ्यांना सांगत होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या शोभानं माझं मनगट धरलं. माझ्याकडचं मोत्यांचं काम शोभाच करते. हे वृंदावनही तिनंच ओवलेलं. माझ्या पेजवर मात्र प्रत्येक फोटोखाली मी लिहिते, ‘माझ्या हातची कला’. तसं लिहिलं की माल लवकर खपतो. वस्तू बिचारी मुकी असते. जो तिच्याशेजारी उभा राहून बोलतो, त्याची ती होऊन जाते.

“जाऊ द्या ना ताई,” शोभा हसत कुजबुजली. “लग्नघर आहे. आणि दिसतंय किती छान, बघा तरी!”

मी वृंदावनाकडे बघितलं, तिच्याकडे बघवेना. ‘जाऊ द्या’ ती इतक्या सहज म्हणाली होती की त्यामागे बराच सराव असणार. तो कुणाकडे झाला, हे मला विचारावं लागलं नाही.