पाठीवरचा देव

आमच्या तेर गावच्या मल्लिनाथला लाजायला कारण लागत नाही. कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी याच्या कानाच्या पाळ्या लाल. अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी? धाराशिवजवळच्या एका केंद्रात उस्मानाबादी बोकडांचं वीर्य गोठवायची! घरी त्यानं ‘औषधाचं काम’ एवढंच सांगितलेलं. तेही रांजणाकडं बघत.

खरी लाज तर पुढंच होती. गोठताना जीव तगावा म्हणून वीर्यात ग्लिसरीन आणि अंड्याचा बलक मिसळतात. अंडी फोडायची कुणी? मल्लिनाथनं. हा लिंगायताच्या घरातला. अंड्याच्या टेम्पोमागं गाडी आली तरी नाक दाबणारा. मग त्यानं युक्ती काढली. अंड्याला हात लावण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग पाठीवर सारायचं. देवानं बघू नये. हात धुतले की देव परत छातीवर.

एकदा परत आणायचं राहूनच गेलं. संध्याकाळी पूजेला बसायचं म्हणून सदरा काढला, तर मागं आई, शांताक्का, उभी.

“मल्ल्या, देव पाठीवर कसा रं?”

“सरकला आसंल, अव्वा.”

“आन् सदऱ्याला अंड्याचा वास कशाचा? हाटेलात खातोस व्हय?”

बिचारा ‘खातो’ म्हणायलाच निघाला होता. बोकडाचं सांगण्यापेक्षा ते सोपं! पण समोर विभूती दिसली, आणि जमिनीकडं बघत त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

“बोकडाचंच ना? त्यात कशाची लाज? करडं काय आभाळातनं पडत्यात?” शांताक्का म्हणाली. मग तिनं विभूती बाजूला सारली. “अंडी फोडलीस, ते पोटासाठी. पण देवाला पाठमोरं केलंस रं. आधी त्याला तोंड दाखव, मग पूजेला बस.”

त्या दिवशी पूजा राहिली. मल्लिनाथ न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात डॉक्टर शिवांजली मॅडम खुशीत होत्या. त्यांनी नवं मिश्रण करून पाहिलं होतं. त्यात बलकाऐवजी सोयाबीनमधला स्निग्ध पदार्थ होता, थोडी साखर होती आणि ग्लिसरीन कमी. कारण जास्त झालं तर तेच जिवाला विषारी. गोठवून वितळवल्यावर वीर्यातले जीव चांगले पोहत होते.

“बोकडाच्या वीर्याला अंडं बाधतं, मल्लिनाथ.”

“म्हंजी बोकड आमच्यातलाच की, मॅडम!”

“पण तुलना करायला जुनं मिश्रणही लागेल. चाचणी संपेपर्यंत अंडी फोडावी लागतील.”

मल्लिनाथचा हात सवयीनं गळ्याकडं गेला आणि तिथंच थांबला. देव छातीवरच राहिला. पहिलं अंडं हातातून निसटलं, दुसऱ्याचा बलक, पांढरं टिपून काढायला कागदावर लोळवताना, फुटला. कान असे लाल, की मॅडमनी विचारलं, “ताप आहे का?”

संध्याकाळी त्यानं सदरा काढला, तेव्हा देव छातीवर बघून शांताक्कानं त्याच्यासाठी आसन टाकलं. आंघोळ करून तो बसला, देव तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरला. पण मान काही वर होईना.

“बघ की आता,” शांताक्का म्हणाली. “त्यानं दिवसभर बघितलंय तुला.”