बाईंच्या नावाचा दिवा

शिर्केबाई गेल्याची बातमी आमच्या विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी आली आणि एकानेही श्रद्धांजली वाहिली नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं?" एकाने विचारलं. "स्वतः खात्री केलीत का?" दुसरीने. बाहेरच्या कोणी वाचलं असतं तर म्हणाला असता, काय निर्दयी माणसं आहेत! पण हे आम्हाला बाईंनीच शिकवलेलं. शेवटी मी त्यांच्या घरी फोन लावला. बाईंच्या यजमानांनी, काकांनी उचलला. "होय गो, खरं आहे," एवढंच म्हणाले. मी ग्रुपवर "खात्री केली" असं लिहिलं, मगच जोडलेले हात येऊ लागले... आणि तेव्हा मला रडू फुटलं.

सहावी ते आठवीच्या विज्ञान शिक्षकांना ऊर्जा आणि पर्यावरण कसं शिकवावं, याचं प्रशिक्षण बाई रत्नागिरीत द्यायच्या. मी पहिल्यांदा गेले ती केळशीहून एसटीचे धक्के खात, कपाळाला आठ्या घालूनच. प्रशिक्षण म्हणजे सही, चहा आणि डुलकी, हे आम्हाला पाठ. ठेंगण्याशा बाई उभ्या राहिल्या आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "पोफळीच्या वीजघरात पाण्यातली वीज काढून घेतात. म्हणून ते पाणी खाली चिपळूणकडे येतं तेव्हा त्यातला कस गेलेला असतो. भाताला ते मानवत नाही." आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं. मी तर 'कस'खाली रेघसुद्धा मारली! आमच्याकडे हे लहानपणापासून ऐकलेलं, शंका कशाला येईल? बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "लिहिलंत? अहो, थाप मारली मी. पाणी उंचावरून पडतं, चक्र फिरवतं आणि पुढे जातं. उद्या हे पोरांना शिकवलं असतंत ना?" अस्सा राग आला होता! मग प्रशिक्षण संपेपर्यंत आम्ही बाईंच्या एकाही वाक्यावर विश्वास ठेवला नाही. चहात साखर आहे म्हणाल्या, तर एका सरांनी आधी थेंबभर चाखून बघितला. बाई खूश होऊन हसल्या.

'बंद' या शब्दावर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. पुढे ओळख वाढली, मी त्यांच्याबरोबर प्रशिक्षणाला उभी राहू लागले. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या, त्या पानावर बसायच्या आधी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला उलटा हात लावून आल्या. "बंद आहे म्हणतेस, मग हा गरम कसा?" सासूबाई बघतच राहिल्या. माणसांनाही त्या असाच उलटा हात लावून बघत. गेल्या वर्षी एका कंपनीचे साहेब शाळांना वाटायचा सौरदिव्यांचा संच दाखवायला आले. चकचकीत खोका, वर हिरवी पानं. बाईंनी विचारलं, "उन्हात ठेवून बघितलात?" साहेब म्हणाले, "मॅडम, चालतोच तो." "चालतोच, हे कोणी बघितलं?" बाईंनी एक दिवा तपासायला ठेवून घ्यायचं म्हटलं, तर साहेबांनी खोका उचलला आणि गेले. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

शोकसभेत तेच साहेब पहिल्या रांगेत! बाईंबद्दल इतकं भरभरून बोलले की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मग कळलं ते असं, की त्याच संचाला बाईंचं नाव द्यायचं, खोक्यावर त्यांचा फोटो छापायचा आणि शाळाशाळांतून वाटायचा. काकांचा होकार तेवढा बाकी होता. मी तडक त्यांच्या घरी गेले.

काकांचं आयुष्य जहाजावर गेलेलं. माणूस मुळात अबोल. पण त्या दिवशी बोलले. "नाव तरी राहील गो तिचं. मी कायम समुद्रावर. तिच्यासाठी केलं काय मी? एवढं तरी..." त्यांचे डोळे भरून आले. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? शोकेसवर बाईंचा फोटो होता आणि पुढ्यात साहेबांनी दिलेला तोच सौरदिवा लख्ख जळत होता. क्षणभर मलाच वाटलं, उगाच संशय घेतला आपण. पण फोटोच्या मागून एक वायर खाली बोर्डाकडे गेली होती... सवयीने मी उलटा हात लावला. चार्जर चांगलाच तापलेला.

"काका, हा उन्हावर चालणारा ना?"

काकांनी नजर दुसरीकडे वळवली. "अंगणात ठेवला होता दिवसभर. ऊन कसलं कडक! संध्याकाळी लावला, तर तिच्या फोटोला हार घालेपर्यंत विझला. साहेबांना फोन केला. म्हणाले, पिन लावा, विजेवर पण चालतो."

"मग हो म्हणालात?"

"उद्या यायचेत ते."

काकांनी एकदा फोटोकडे बघितलं. मग उठले, बोर्डापाशी वाकले आणि अगदी बाईंसारखाच, उलटा हात चार्जरला लावला. पिन उपसून काढली. दिवा थोडा वेळ तग धरून राहिला, मग पिवळा पडत विझला. खिडकीतल्या उजेडात फोटो तसाही स्वच्छ दिसत होता.

"उद्या येऊ देत त्यांना," काका वायर गुंडाळत म्हणाले. "आधी विचारतो, हा चालतो, हे कोणी बघितलं?"