साहेबाच्या घराचा कर आणि माझा वरचा मजला

दोह्यात पोस्टमन दारात येत नाही. सगळं टपाल कंपनीच्या पोस्टबॉक्सात यायचं, आणि आमच्या ऑफिसात ते वाटायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे कोणाला कुठून किती जाड पाकिटं येतात हे मला न विचारता कळायचं. सगळ्यांत जाड पाकिटं आमच्या साहेबाची. साहेब ब्रिटिश, रास लफानच्या गॅसच्या कामावरचा मोठा इंजिनियर. आठवड्यातले तीन दिवस साइटवर आणि उरलेले माझ्या समोरच्या काचेच्या केबिनमध्ये. मी त्याची सेक्रेटरी. आमच्या पगारांतला फरक सांगत नाही, उगाच मलाच पुन्हा त्रास व्हायचा.

एके दिवशी तो एक फ्रेंच पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. कॉलेजात मी फ्रेंच घेतलं होतं, मार्क बरे पडतात म्हणून. नोकरीच्या अर्जात तेही फुशारकीने लिहिलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. म्हणाला, "हे लोक माझ्याकडे नक्की काय मागतायत ते जरा बघ."

बघ म्हणे! डिक्शनरी घेऊन दोन दिवस डोकं फोडलं तेव्हा उलगडा झाला. फ्रान्समधल्या एका खेड्यात साहेबाचं दगडी घर होतं. त्याच्या शेजारी आणखी एक छोटं घर, तेही त्याचंच. ते उन्हाळ्यात भाड्याने जायचं. शिवाय तिथल्या बँकेत पैसे गुंतवलेले. भाड्यावर आणि व्याजावर आयकर तो भरतच होता. आता सरकार वर आणखी एक वर्गणी मागत होतं, लोकांच्या आजारपणाच्या आणि म्हातारपणाच्या खर्चासाठी. ही वर्गणी तिथे राहणाऱ्यांनाच लागू होती. पण साहेबाची बायको वर्षातले बरेच महिने त्या दगडी घरात राहायची, तेव्हा साहेबही तिथलाच, असा त्यांनी हिशेब केला होता.

साहेब भडकला. "त्यांच्या दवाखान्याची पायरी मी सर्दीसाठीसुद्धा चढलेलो नाही! मी कतारमध्ये राहतो!" फोनवर वकिलाला, बायकोला, सगळ्यांना तेच. चहा देणारा केरळी म्हातारा मला हळूच विचारून गेला, साहेबाच्या घरी कोणी वारलं का.

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि तेही कशाने, तर त्या नोटिशीने. वरच्या कोपऱ्यात त्याचं पूर्ण नाव, त्याखाली घराचा पत्ता, आणि मग अदबीने लिहिलेलं की या मिळकतीचे मालक या नात्याने आपण इतके भरावेत. परक्या देशाचं सरकार त्याला मालक म्हणत होतं आणि हा मेला रडत होता! मला कोणी एवढं म्हटलं असतं तर पेढे वाटले असते.

कारण घर मीही बांधलं होतं. वसईला आमचं बैठं कौलारू घर. वडील गेले त्या वर्षी मी रजेवर आले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, कागद एका नावावर असले की बरं, बँकेचं कर्ज मिळतं." रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतातच. जी करत नाही तिला माहेर तुटतं म्हणतात. सही झाल्यावर भावाने मला आइस्क्रीम खाऊ घातलं आणि मी ते आनंदाने खाल्लं, अक्कलशून्य बाई! पुढे कौलं उतरवून स्लॅब टाकला, त्यावर मजला चढवला, तो सगळा माझ्या ड्राफ्टांवर. दोह्याच्या नजमा वस्तीत तीन बायकांत एक खोली, रांगेत उभं राहून अंघोळ, आणि दर महिन्याला मनी एक्स्चेंजमधून भावाच्या नावाचा ड्राफ्ट. वरचा मजला माझा, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. नोकरी संपली की मी तिथे राहणार. लग्न केलं नव्हतं, दुसरीकडे जाणार तरी कुठे?

साहेबाचं उत्तर मीच टाइप केलं. मी तिथे राहत नाही, माझी नोकरी इथे, माझा राहण्याचा परवाना इथला, मला तुमच्यात धरू नका. एकेक वाक्य तो इंग्रजीत सांगायचा आणि मी फ्रेंचमध्ये बसवायचे. सहीनंतर म्हणाला, "तुझं बरं आहे. तुझ्यामागे असली कटकट नाही." मी हसले. हसले कसली, दात दाखवले.

त्या वर्षी रजेवर वसईला पोचले तर वरच्या गॅलरीत दोरीवर कपडे. लहान मुलाचे गणवेश, एक लुंगी. मला वाटलं भावजयीचे माहेरचे कोणी आलेत. बॅग घेऊन जिना चढायला लागले, तर वरून एक अनोळखी बाई डोकावली आणि छान हसून म्हणाली, "या ना! तुम्ही मालकांच्या बहीण ना, दोह्याच्या?"

मालकांची बहीण! मी तशीच बॅग घेऊन खाली उतरले.

भाऊ मुळीच गडबडला नाही. "रिकामं घर खराब होतं, ताई. माणसं चांगली आहेत. भाडं आईच्या औषधांना जातं. आणि तुला काय, महिनाभराची रजा, खाली आमच्याबरोबर राहा." भावजयीने माझ्यासाठी पुढच्या खोलीत गादी घातली होती, वर नवी चादर. बोलणार काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण रात्रभर तो साहेब माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्याचं घर दूर फ्रान्सात, भाडेकरूंनी भरलेलं, पण त्याला विचारून भरलेलं.

सकाळी उठले आणि तडक ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, घरपट्टी मी भरते, माझ्या नावाची पावती घेते. वेडेपणाच, पण मला तो कर हवाच होता. क्लार्कने रजिस्टर उघडलं. तीन वर्षांची थकबाकी होती. मला तर आनंदच झाला, तीन वर्षांची तर तीन वर्षांची. मी पैसे मोजून पुढे ठेवले. त्याने पावती फाडली आणि वर भावाचं नाव लिहिलं.

"भरतेय मी," मी म्हटलं.

"बाई, नाव रजिस्टरात असेल तेच लागतं. तुमचं हवं तर मालकांची संमती आणा." मग दया आल्यासारखं त्याने पावतीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे 'हस्ते' असं छापलं होतं. "इथे लिहितो की. हस्ते, बहीण."

घरी आले तर भाऊ जेवायला बसला होता. पावती बघून खूशच झाला. "अगं, तू कशाला भरलीस? मी भरणारच होतो. दे इकडे, फाइलला लावतो."

मी म्हटलं, "लाव. पण त्याआधी पंचायतीत येऊन सांग की वरचा मजला माझ्या नावावर करा."

तो भात कालवत राहिला. भावजय आत गेली. आई म्हणाली, "घरात कधी वाटण्या झाल्यात का आपल्या? तुझंच आहे सगळं, बाय."

"मग लिहायला काय होतं?"

भाऊ ताटावरून उठून हात धुवायला गेला. उरलेली रजा मी गादीवर काढली आणि दोह्याला परतले.

साहेब खुशीत होता. त्याचं म्हणणं सरकारने मान्य केलं होतं. आपण तिथले नाही हे त्याने सिद्ध केलं होतं, आणि घरं दोन्ही त्याचीच राहिली होती. पत्र त्याने मला मुद्दाम वाचायला दिलं. मी अभिनंदन म्हटलं आणि टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्या महिन्यात मी एक्स्चेंजमध्ये गेलेच नाही. पुढच्याही नाही. मग एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर फोनचं कार्ड घेऊन घरी फोन लावला. आईनेच उचलला.

"बाय, ड्राफ्ट पोचला नाही गं."

"वरचं भाडं पोचलं ना?"

ती अगदी हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशी म्हणाली, "तुला सख्ख्या भावाचा हेवा वाटतो?"

"हो," मी म्हटलं. "वाटतो."

तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. कार्डातले पैसे संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच रिसीव्हर धरून उभ्या होतो.