आमच्या घरातली एक्स-रेची पाकिटं

आमच्या कपाटात फोटोंचा अल्बम एकच आहे. एक्स-रेची पाकिटं मात्र मोजायची सोडून दिलीत. थोरली सई बारा वर्षांची, धाकटी जुई सातची. दोघींची हाडं जन्मापासून ठिसूळ. जरा पाय घसरला की फ्रॅक्चर! मग प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन करून हाडात सळई. मीरा रोडच्या शांती नगरमधून मुंबईतल्या हॉस्पिटलात आमच्या एवढ्या फेऱ्या झाल्यात, की दर फेरीला एखादा किस्सा सोबत घरी येतोच.

लोक विचारतात, "कसं निभावता हो?" मी एखादा किस्सा सांगते!

*

अॅडमिशनच्या फॉर्मवर 'पूर्वी झालेली ऑपरेशन्स' असा रकाना असतो. पुढे जागा बोटभर. सईच्या पाचव्या ऑपरेशनच्या वेळी खिडकीतल्या बाईंना तीच सांगायला लागली, "उजवी मांडी, डावी मांडी, उजवी नडगी, मग परत उजवी मांडी..."

बाई रकाना सोडून समासात शिरल्या. प्रत्येक फ्रॅक्चरची गोष्टही सोबत सुरू होतीच. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाळा, काय मोडलं नाही ते सांग. तेवढंच लिहिते!"

"डोकं," सई म्हणाली.

*

जुईच्या पायाला प्लास्टर होतं. काशीगावहून रिक्षानं येत होतो. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, आराम से. बच्ची का पैर टूटा है." त्या भल्या माणसानं एवढं मनावर घेतलं, की बाजूनं चालणारी माणसं आम्हाला मागे टाकून जायला लागली.

जुईनं बराच वेळ सहन केलं. मग म्हणाली, "अंकल, ऐसे तो रिक्षा में ही प्लास्टर निकालने का टाइम हो जाएगा!"

*

समोरच्या हंसाबेन प्लास्टर दिसलं की थेपले आणतात. एकदा महिनाभर घरात कुणाचं काही मोडलं नाही. जुईनं काय करावं? माझी पांढरी ओढणी पायाला गुंडाळली आणि लंगडत त्यांची बेल वाजवली!

हंसाबेननी ओढणीकडे बघितलं आणि डबा भरून दिला. दार लावता लावता एवढंच म्हणाल्या, "बेटा, कल दूसरा पैर था ना?"

*

माझ्या सासूबाई रत्नागिरीला असतात. सईच्या पहिल्या ऑपरेशनला आल्या होत्या. डॉक्टर चित्र काढून समजावत होते, की ही सळई मुलीच्या उंचीबरोबर आतल्या आत लांब होते. मला आणि नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भीतीनं काही कळतच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वाढत्या पोरीच्या फ्रॉकला आपण खाली दुमड ठेवतो, तसंच ना हो?"

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. हल्ली ते सगळ्या आईबापांना फ्रॉकच सांगतात!

*

हा नितीनचा. तो स्वतः कधीच सांगत नाही. सई पाच वर्षांची असताना त्यानं तिला उचलून कॉटवर ठेवलं आणि तिच्या पायातून आवाज आला. चूक कुणाचीच नव्हती. पण त्यानंतर तो तिला हात लावेना. प्लास्टर निघालं, ती चालायला लागली, तरी हा दोन हात लांबच.

एके दिवशी सई त्याच्यासमोर हात वर करून उभी राहिली. "बाबा, माझं प्लास्टर कधीच निघालं. तुझं कधी निघणार?"

त्यानं तिला उचललं. दोन्ही हातांनी, काचेचं भांडं उचलावं तसं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

*

आणि हा मागच्याच वर्षीचा. जुईचं पहिलं ऑपरेशन. आदल्या दिवसापासून सई तिला ट्रेनिंग देत होती. "मास्क लावला की दहापासून उलटं म्हणायचं. जास्त शूरपणा करू नकोस, झोप येतेच. मी पाच वेळा ट्राय केलंय, सातच्या पुढे जाताच येत नाही."

जुईला आत नेलं. सई वॉकर धरून दाराशी उभी राहिली. आम्ही किती सांगितलं, बस म्हणून. बसली नाही, पाणीही प्यायली नाही.

चार तासांनी जुईला बाहेर आणलं. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. सई वाकली. जुईनं तिला ओळखलं आणि पुटपुटली, "ताई... सहा."

पाच ऑपरेशनांत एकदाही न रडलेली आमची सई तिथं, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागली. सिस्टर धावत आल्या. "अगं, काय झालं? बहीण छान आहे तुझी!"

"माझं रेकॉर्ड मोडलं हिनं!"