राजीनाम्याचा कागद

घरमालक गोड बोलू लागला की मी आधी दाराची कडी तपासते. ही माझी जुनी खोड. तिनं मला पुष्कळदा वाचवलंय. एकदाच तिनं मला गाळात घातलं, पण असं घातलं की आज इतक्या वर्षांनीही कुणी 'स्वतःचं घर' म्हटलं की मी तिथून उठते.

लग्न होऊन मी गोंदियात आले ती एका शेठजींच्या खोलीत. रुळांपलीकडे आठ खोल्यांची एक ओळ होती. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे हातभर ओटा आणि मागे सगळ्यांत मिळून एक विहीर. माझे यजमान धानाच्या गिरणीत काट्यावर होते. दिवसभर पोती तोलायची आणि गाडीवाले, दलाल, हमाल यांच्याशी ज्याच्या त्याच्या बोलीत बोलायचं, हे त्यांचं काम. घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे डोक्यावरचं छप्पर आपलं असावं. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला ते स्वतः वर चढायचे आणि खाली उतरून म्हणायचे, "दुसऱ्याच्या घराचे कवेलू फेरून राहिलो मी." हसून म्हणायचे, पण मला ते हसणं ऐकवत नसे.

माझं माहेर दवनीवाड्याकडचं. वडिलांची धानाची शेती, थोडी घरची, थोडी दुसऱ्याची बटईनं केलेली. माझ्या काकाकडे मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, धानाच्या तीन बांध्या होत्या, बापापासून कसत आलेल्या. एका वर्षी मालगुजाराचा माणूस आला. तलावाच्या दुरुस्तीचा कागद आहे म्हणाला आणि काकाचा अंगठा घेऊन गेला. पुढच्या रोवणीला काका बांधीत उतरायला गेला तर तिथं दुसऱ्याच्याच बाया ओळीनं रोवणी करत होत्या. कागदावर लिहिलं होतं 'राजीनामा'. म्हणजे मी ही जमीन राजीखुशीनं सोडतो. कुणाची राजी आणि कुणाची खुशी, ते त्या मालगुजारालाच ठाऊक.

तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा झाला. मडकं फुटलं की आई म्हणायची, "झाला राजीनामा." गाय गाभडली तरी राजीनामा. वडिलांनी मला चौथीपर्यंत शाळेत घातलं तेही त्या कागदामुळेच. "अंगठ्यानं जमीन जाते बाई," ते म्हणायचे, "अक्षरानं नाई जात." मुलींनी शिकायचं ते दिवस नव्हते, म्हणून मला माझ्या अक्षरओळखीचा तोरा फार होता. किती होता ते पुढं कळेलच.

आम्ही दोघं पै-पै राखत होतो. शेजारीपाजारी म्हणायचे पोस्टात ठेवा. मी म्हणायची, पोस्ट सरकारचं, सरकार लढाईत गुंतलेलं, उद्या सरकारच हरलं तर पोस्टाच्या दारात कोणाच्या नावानं बोंब मारायची? नोटांवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता. लढाईत चांदीचा रुपयासुद्धा बदलला. नवा रुपया फरशीवर टाकला की जुन्यासारखा वाजायचाच नाही. बाजारात मी प्रत्येक रुपया वाजवून घ्यायची, मग दुकानदार कपाळाला हात लावो की तोंड वाजवो. जुने खणखणीत रुपये तेवढे मी धानाच्या कोठीत तळाशी ठेवायची. पुढं सरकारनं मोठ्या नोटा एका फटक्यात बाद केल्या. आमच्या ओळीत हजाराची नोट कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, तरी घाबरले सगळे. मला मात्र आनंद झाला. बघा, मी म्हणत नव्हते? असं मी विहिरीवर आठ दिवस ऐकवत होते.

लढाईत गोंदियाला माणसांची रीघ लागली. गिरण्या, विड्यांचे कारखाने, मालगाड्या. जो येई तो खोली मागे. सरकारचा हुकूम होता की भाडं वाढवायचं नाही आणि भाडेकरूला काढायचं नाही. शेठजी हुकूम पाळायचे. पावतीवर जुनंच भाडं लिहायचे आणि वरचे पैसे मुकाट्यानं हातात घ्यायचे. देणार नाही म्हणावं तर खोलीसाठी दहा माणसं बाहेर उभी.

मग निवडणुकीच्या सभा सुरू झाल्या. चौकात एक पुढारी म्हणाला, स्वराज्य आलं की कुणी बेघर राहणार नाही, घरांचे भाव गरिबाच्या आवाक्यात येतील. टाळ्यांचा कडकडाट झाला. सभा संपल्यावर तो जेवायला गेला कुठं, तर आमच्याच शेठजींकडे. मी हे यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "शेठजीकडे तूप चांगलं भेटते, म्हणून गेला असन." मी म्हटलं, ज्याचं तूप खाल्लं त्याच्याच घराचे भाव हा पाडणार होय? चौकातले दात वेगळे आणि पंगतीतले वेगळे. खरं सांगायचं तर मला सरकारचा विश्वास नव्हता, पुढाऱ्यांचा नव्हता आणि शेठजींचा तर नव्हताच. आपण राखून खाणारी माणसं. आपल्यासाठी कुणी रात्रीचा दिवस करत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

तरी अर्ज करायला यजमानांच्या मागं मीच लागले. आम्ही पाच बिऱ्हाडांनी मिळून तहसिलीत तक्रार दिली की शेठजी हुकमाबाहेर भाडं घेतात. तारखा पडू लागल्या. शेठजींचा चेहरा उतरला आणि माझी छाती फुगली.

उन्हाळ्यात एका सकाळी शेठजी स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. "बड़े बाबू," ते म्हणाले, "कचहरी की धूल कब तक फाँकेंगे? मैं तो अब देस जा रहा हूँ. लड़कों को इस झंझट में रस नहीं. आप लोग अर्जी वापस लो, मैं खोली आप के नाम कर देता हूँ. आधा दाम अभी, आधा साल भर में." दामही त्यांनी सांगितला. तो जास्त नव्हता. अर्धा तर आमच्या कोठीच्या तळाशी होताच, आणि यजमानांनाही ते ठाऊक होतं. त्यांचे कान लाल झाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर लग्नातही पाहिला नव्हता.

माझ्या मनात एकच म्हण आली, आवळा देऊन कोहळा काढणे. ज्या माणसानं आजवर पावतीवर खरा आकडा लिहिला नाही, तो उठून घर देतो?

चार दिवसांनी यजमान कागद घेऊन आले. शेठजींनी पाचही बिऱ्हाडांसाठी वकिलाकडून सारखेच कागद करून घेतले होते. यजमानांनी दौत आणि टाक पाटावर मांडला, चष्मा पुसला. मी कागद हातात घेतला. मोठ्या अक्षरांत वरच लिहिलेलं होतं, 'राजीनामा'. खाली कचेरीची हिंदी, फारसी शब्दांनी भरलेली, जी मला ओ की ठो कळत नव्हती. पण वरचा शब्द मला कळत होता. मी कागद पाटावर परत टाकला.

"वर काय लिहलं ते वाचलं का तुमी?"

"वाचलं."

"मग सही काऊन करून राहिले जी? माज्या काकाचं काय झालं ते ठाऊक नाई तुमाले?"

"खाली दुसरं लिहलं हाये."

"खाली काईबी लिहो! डोक्यावर राजीनामा हाये ना? आपन राजीखुशीनं खोली सोडतो, असंच झालं ना?"

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "वकिलाले विचारू?"

"वकील कोनाचा? शेठजीचाच ना?"

"मग मी वाचून सांगतो तुले."

"तुमी काय सांगान?" मी म्हटलं, आणि हे मी म्हटलं ते आज मला लिहितानाही लाज वाटते. "तुमाले शेठजीनं गादीवर बसवून चहा पाजला, पान खिलवलं. त्याचं खाल्लं, आता त्याचंच वाचान."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग दौतीला झाकण लावलं, कागदाची नीट घडी केली आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच बिनसहीचा शेठजींना परत नेऊन दिला. मी देवाला दिवा लावला. अक्षरानं घर वाचलं म्हणून वडिलांना निरोपही धाडला.

आमच्या शेजारच्या खोलीत रेल्वेतला सांधेवाला राहायचा. त्याची बायको छत्तीसगडातली, माझ्याहून लहान, साधी, निरक्षर. त्यांनी सही केली. मला तिचा इतका कळवळा आला! बिचारी आता ताटवाटी घेऊन रस्त्यावर येणार. मी घरातली चार चांगली पोती आणि सुतळीचा गुंडा घेऊन तिच्याकडे गेले, वाटलं, सामान बांधायला होतील. ते तोंडानं बोलणं बरं दिसेना, म्हणून नुसतंच तिच्या हातात दिलं. तिला वाटलं मी घर झाल्याची भेट आणली. ती माझ्या पाया पडली आणि तिनं मला गूळ दिला. मी मनात म्हटलं, बघा, घर गेलं तरी गूळ वाटते आहे, किती भोळी.

महिने गेले. तिला कुणी काढलं नाही. तिनं भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या, दाराला निळा रंग दिला, मागं पडवी काढली. मी म्हणायची, बकऱ्याला आधी चारतातच. शेठजी खरंच देसाला, आपल्या मूळ गावी निघून गेले. जाताना उरलेल्या खोल्या त्यांनी एका लाकडाच्या ठेकेदाराला विकल्या, आमच्यासकट. ठेकेदाराला आम्हाला काढता येत नव्हतं, मग त्यानं दुसरी वाट धरली. दुरुस्ती बंद. पावसाळा तोंडावर आला तरी छपराला हात लावू देईना. यजमान कवेलू फेरायला चढले तर त्याचा माणूस येऊन म्हणाला, "मालिक का घर है, बिना पूछे मत चढ़ो." ते उतरले. त्या पावसाळ्यात आम्ही घरात सहा भांडी मांडून झोपत होतो.

स्वराज्य आलं तो दिवस असा गळत्या छपराखाली उजाडला. ओळीतले सगळे बांबू रोवून झेंडे लावत होते. आम्हीही आणला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ओट्यात खड्डा करायचा नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही. यजमान झेंडा हातात धरून उभे राहिले. शेजारणीनं आपल्या ओट्यात हवा तेवढा खड्डा केला, बांबू ठोकला आणि ती आमच्याकडे पाहून म्हणाली, "बाबूजी, आपका भी इधरइ लगा दो."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, एवढं करून राहिली तू, अन् उद्या काढलं म्हणजे? राजीनामा देल्ला ना तुमी?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काढेगा कौन, दीदी? राजीनामा माने तो सुलह. झगड़ा खतम, दोनों राजी. उसी कागज से तो घर हमारा हुआ."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या मराठीत जो शब्द घर सोडायचा, तोच तिच्या हिंदीत भांडण मिटवायचा. जिला एक अक्षर येत नव्हतं तिला तो शब्द नीट ठाऊक होता, आणि मी चौथी शिकलेली, मी तो वाचून घर घालवलं. मी घरात जाऊन दार लावून घेतलं. लोक जयजयकार करत होते आणि मला त्यांचा आवाज नको झाला होता.

दुपारी जेवताना मी यजमानांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हादरतील, निदान हातातला घास तरी थांबेल. ते जेवत राहिले.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"कवापासून?"

"तवापासूनच. गिरनीत रोज कोनाचा ना कोनाचा राजीनामा होते. दलाल भांडतेत, मंग राजीनामा करतेत."

माझा संताप अनावर झाला. "मग सही काऊन नाई केली? मले न विचारता करायची! मी तुमाले अडवनारी कोन? तुमाले घर पायजे होतं ना!"

त्यांनी पाण्याचा गडवा खाली ठेवला. "सही करता आली असती. घर झालं असतं. पन तू जल्मभर म्हनली असती का ह्यानं शेठजीशी मिळून माजं घर लिहून देल्लं. भाड्याच्या खोलीत राहाले मले काई नाई वाटत. पन तू मले असं पाहशीन, ते मले नाई जमलं असतं."

मी त्यांच्यावर ओरडले, रडले, तुम्ही माझ्याबद्दल असं कसं धरून चाललात म्हणून भांडले. पण ते खरं बोलत होते. घर आमच्या नावावर झालं असतं, कागद पेटीत असता, तरी मी रोज त्यांच्याकडे संशयानंच पाहिलं असतं, आणि हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. पुढं घरांचे भाव असे चढले की आमचे जुने रुपये कितीही खणखणीत वाजले तरी त्यांना पोहोचले नाहीत. यजमान गेले तेही भाड्याच्याच खोलीत.